पूर ओसरला, आता सांभाळा



नदीकाठच्या माणसाला पूर नवा नाही. ज्या नदीच्या गाळावर त्याचे शेत पिकते, तीच नदी एखाद्या वर्षी त्याच्या माजघरात शिरते. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस सकाळी उठला की आधी विचारतो, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" सांगलीचा माणूस आयर्विन पुलाकडे नजर लावून बसतो. कोल्हापूरला ३९ फुटांवर इशारा आणि ४३ फुटांवर धोका. सांगलीला ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. हे आकडे तिकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, आणि सांगलीला कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा महापूर आला. त्याच वेळी कोकणात चिपळूण आणि महाड ही गावे पाण्याखाली गेली.

पाणी चढत असते तेव्हा आपण फूट आणि इंच मोजतो. पाणी उतरू लागले की मोजणे थांबते. माणसे म्हणतात, "सुटलो बुवा एकदाचे!" मग फावडे, घमेले, खराटा घेऊन सगळे घर साफ करायला धावतात.

आमचे सांगणे असे की, मोजणे थांबवू नका. आता फूट मोजायचे नाहीत, दिवस मोजायचे आहेत. पुरानंतरचे आजार एकदम येत नाहीत. काही दोन दिवसांनी येतात, काही दहा दिवसांनी येतात, आणि काही तर महिन्या-दीड महिन्याने येतात. तोपर्यंत पूर विसरलेला असतो. ताप आला तर माणूस म्हणतो, "हवा बदलली, त्याने आला असेल." पुराची आठवण त्याला होत नाही, आणि तो डॉक्टरांनाही ती सांगत नाही. ही एक गोष्ट सांगायची राहिली म्हणून पुरातून वाचलेला माणूस पुढे तापाने जातो. तसे होऊ नये यासाठी हा धडा आहे.

पुराच्या पाण्यात काय असते?

पुराचे पाणी नदीत असते तसे राहत नाही. ते गावात शिरते तेव्हा वाटेत जे जे सापडेल ते सोबत घेते. संडासाचे खड्डे भरून वर येतात. गटारे उलटी वाहतात. गोठ्यातले शेणमूत, उकिरडा, मेलेली जनावरे, उंदीर-घुशींची बिळे, दुकानातली खते आणि कीटकनाशके, गाड्यांचे तेल, सारे त्या पाण्यात मिसळते. मग तेच पाणी विहिरीत उतरते, आडात उतरते, फुटलेल्या नळात शिरते.

दोन-तीन दिवसांनी गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी नितळ दिसू लागते. कोणी म्हणेल, "गुरुजी, पाणी तर काचेवाणी दिसतंय की! मग प्यायला काय झालं?" ओंजळीत घेतलेल्या नितळ पाण्यातसुद्धा रोगाचे जंतू असू शकतात. ते इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नसतो, चव नसते. म्हणून पुरानंतर पाण्याची परीक्षा डोळ्यांनी करू नये.

दोन जुने दाखले

१९६१ सालच्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. हे सर्वांना ठाऊक आहे. पण खडकवासला हेच पुण्याला पाणी देणारे धरण होते. त्यामुळे शहरात सगळीकडे चिखल-पाणी, आणि नळाला मात्र थेंब नाही, अशी स्थिती झाली. जिथे पूर येतो तिथेच पिण्याच्या पाण्याचा दुष्काळ पडतो. माणूस तहानेला झाला की मिळेल ते पाणी पितो. आजाराला वाट मिळते ती इथे.

दुसरा दाखला दिल्लीचा. १९५५ साली पावसाळ्याअखेर यमुनेला पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीचे पात्र सरकले होते. शहरातली घाण वाहून नेणारा नजफगडचा नाला जिथे नदीला मिळतो, तिथले पाणी वझिराबादच्या पंपघराकडे शिरले. शहराला पिण्याचे पाणी तिथूनच जात असे. पाणी खराब आहे हे कामगारांच्या ध्यानात आले. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. त्यामुळे पटकी आणि विषमज्वर आटोक्यात राहिले. पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात काविळीची मोठी साथ पसरली. एकोणतीस हजारांहून अधिक माणसांना कावीळ झाली. गरोदर बायांना तिचा फार त्रास झाला.

पुढे संशोधकांना कळले की ही कावीळ 'हिपॅटायटिस ई' नावाच्या विषाणूची होती. या दाखल्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, पूर आला पावसाळ्याअखेर आणि आजार दिसला थंडीत. दुसरी ही की, पाणी फार घाण असेल तर नुसत्या औषधावर विसंबू नये. औषध टाकावेच, पण घरी आणून पाणी उकळावे. घरात गरोदर बाई असेल तर तिला उकळलेल्या पाण्यावाचून दुसरे पाणी देऊ नये.

पाणी शुद्ध कसे करावे?

घरी: पाणी आधी चारपदरी स्वच्छ फडक्याने गाळावे. मग चुलीवर ठेवून खळखळ उकळू द्यावे. नुसती वाफ आली की उतरवू नये. बुडबुडे जोराने फुटू लागल्यावर थोडा वेळ तसेच उकळत ठेवावे. त्याच भांड्यात झाकून निववावे. पाणी घेण्यासाठी दांड्याचे ओगराळे ठेवावे. हात बुडवू नये. पाणी चांगले उकळले आणि पोराने मळका हात घालून पेला भरला, तर जळण फुकट गेले.

जळण भिजले असेल तर काय? पूर आला की लाकूड, गोवऱ्या भिजतात आणि गॅसची टाकी वेळेवर मिळत नाही. अशा वेळी आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून क्लोरीनच्या गोळ्या अथवा मेडिक्लोरचा द्राव आणावा. वेष्टणावर लिहिले असेल तेवढेच औषध घालावे आणि अर्धा तास थांबून पाणी प्यावे. आता तुम्हांला वाचता येते. म्हणून वेष्टण वाचायचे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

विहिरीत: गावात ज्याला टीसीएल म्हणतात ती पांढरी पावडर विहिरीत टाकतात. ती किती टाकावी? हा हिशोब आपण करून पाहू. साधारण दिवसांत १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. समजा, आपली विहीर गोल आहे, तिची रुंदी ४ मीटर आणि पाण्याची खोली ५ मीटर आहे.

रुंदी गुणिले रुंदी: ४ × ४ = १६
गुणिले खोली: १६ × ५ = ८०
गुणिले ३.१४, भागिले ४: ६२.८ घनमीटर
एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. म्हणून पाणी झाले ६२,८०० लिटर.
पावडर: ६२.८ × २.५ = १५७ ग्रॅम.

ही पावडर तशीच विहिरीत फेकू नये. बादलीत थोड्या पाण्यात ती कालवावी. मग पाणी वाढवून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. चुना खाली बसला की वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे. ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर हलवावी. खाली राहिलेला चुना विहिरीत टाकू नये. निदान तासभर कोणी पाणी भरू नये. म्हणून हे काम रात्री केलेले बरे. पावडरीचा डबा घट्ट बंद ठेवावा. उघडा राहिला तर तिची ताकद जाते, आणि मग टाकली काय नि न टाकली काय, सारखेच.

पण ध्यानात ठेवा, हा हिशोब साधारण दिवसांचा आहे. पुरात बुडालेल्या विहिरीचा गाळ आणि पाणी आधी उपसावे लागते आणि औषधही जास्त लागते. किती, ते आरोग्य सेवकाने पाणी तपासून ठरवायचे. तपासणीच्या नळीत औषधाचे थेंब टाकल्यावर पाण्याला पिवळसर रंग आला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे. ही तपासणी ग्रामपंचायतीने करायची असते. ती झाली का, हे विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे. जाऊन विचारा.

जुलाब लागले तर

पुरानंतर पहिला हल्ला जुलाबांचा. यात माणूस मरतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. लहान मूल तर एका दिवसात कोमेजते. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, लघवी कमी होते, आणि चिमटीत धरलेली पोटाची कातडी सोडल्यावर हळूहळू खाली बसते.

पूर्वी यावर सलाईन हाच उपाय मानीत. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात आले. ते पावसाचे दिवस होते. सीमेवरच्या बनगाव येथे पटकीची साथ भडकली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळला आणि ते पाणी रोग्यांना पेल्याने पाजायला नातेवाइकांनाच सांगितले. शंभरात तीसच्या आसपास माणसे दगावत होती, ती संख्या चारांच्याही खाली आली. मरणोत्तर, २०२३ साली, सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. आज आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी याच जातीची आहे.

पुडी नसेल तर घरी असे करावे: एक लिटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होता कामा नये. चव आसवांपेक्षा खारट लागली तर ते पाणी ओतून द्यावे आणि नवे करावे. घोटघोट पाजत राहावे. ओकारी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू पाजावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये.

आमच्याकडे जुन्या बाया म्हणतात, "पोट बिघडलंय, पाणी नको देऊ, अजून वाहील." हे अगदी उलटे आहे. पाणी बंद केले की मूल सुकते. आईने अंगावरचे दूध पाजणेही थांबवू नये. मुलाला जस्ताच्या गोळ्या, म्हणजे झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस द्याव्यात. त्या आशाताईंकडे मिळतात. जुलाबांत रक्त पडले, मूल सुस्त झाले, किंवा जुलाब तांदळाच्या पेजेसारखे होऊ लागले, तर वाट पाहू नये. पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठावा.

चिखलातला ताप

आता या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. तो सावकाश वाचा.

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लाखो माणसे कमरेइतक्या, छातीइतक्या पाण्यातून चालत घरी गेली. घरी पोचलो, देवाची कृपा, असे म्हणून त्यांनी कपडे वाळत घातले. ऑगस्ट लागला आणि इस्पितळांत तापाच्या रोग्यांची रीघ लागली. त्यांतल्या शेकडो लोकांना लेप्टोस्पायरोसिस नावाचा आजार झाला होता. काही दगावले. लोक याला नुसते 'लेप्टो' म्हणतात. कोकणातल्या भातशेतीत राबणाऱ्यांना हे नाव ओळखीचे आहे.

हा आजार कसा होतो? उंदीर, घुशी, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मुतातून याचे जंतू बाहेर पडतात. पुराच्या पाण्याने ते सगळीकडे पसरतात. ओल्या चिखलात ते कित्येक दिवस जिवंत राहतात. माणसाच्या पायाला चीर असली, बोटांत चिखल्या झाल्या असल्या, हाताला खरचटले असले, तर तेथून ते अंगात शिरतात. डोळ्यांतून, नाका-तोंडातूनही शिरतात.

बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. कधी कधी महिनाभरही लागतो. एकाएकी थंडी वाजून ताप, डोके ठणकणे, अंग मोडून येणे, डोळे लाल होणे, आणि विशेष म्हणजे पोटऱ्या फार दुखणे, ही त्याची लक्षणे आहेत. पहिल्या दिवसांत औषध मिळाले तर माणूस बहुधा बरा होतो. दुखणे अंगावर काढले तर कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते, थुंकीतून रक्त पडते. मग मोठ्या इस्पितळातही जिवाची शाश्वती राहत नाही.

आता एक संभाषण वाचा. समजा, पुरानंतर दहाव्या दिवशी एक शेतकरी दवाखान्यात आला आहे.

"डॉक्टरसाहेब, दोन दिस ताप हाय. एक सुई मारा म्हणजे उद्या कामाला लागतो."

"थांबा पाटील. पुराच्या पाण्यात उतरला होता का?"

"व्हय की. चार दिस गोठ्यातला चिखलच काढत होतो."

"पायात काय होतं?"

"काय नव्हतं. चिखलात चप्पल कुठली टिकतीय?"

"पोटऱ्या दुखतात का?"

"लई दुखत्यात. तुमाला कसं कळलं?"

या शेतकऱ्याचे नशीब चांगले, कारण डॉक्टरांनी स्वतःहून विचारले. पण पूर आलेल्या गावात दवाखान्यापुढे रांग लागलेली असते. डॉक्टर परगावचे असू शकतात. विचारायचे राहूनही जाईल. म्हणून हे एक वाक्य तुम्हीच पाठ करा, आणि ताप आला की पहिल्यांदा तेच बोला:

"डॉक्टर, मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो. त्याला इतके दिवस झाले."

या एका वाक्याने डॉक्टरांची तपासणीची दिशा बदलते. रक्त कशासाठी तपासायचे आणि कोणते औषध लगेच सुरू करायचे, हे त्यांना ठरवता येते. तापावर दुकानातून मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत. विशेषतः ॲस्पिरिन किंवा अंगदुखीच्या कडक गोळ्या मुळीच नकोत. ताप डेंग्यूचा असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढतो. पाण्यात उतरलेल्यांना आजार होऊ नये म्हणूनही एक औषध देतात, पण ते गरोदर बायांना आणि लहान मुलांना चालत नाही. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावे.

आजार टाळायचा असेल तर? चिखल काढताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि हातमोजे घालावेत. बूट नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या पायांना बांधाव्यात, तेवढाच आडोसा होतो. जखम झाकून घ्यावी. काम झाले की साबणाने पाय धुऊन पुसून कोरडे करावेत. ज्याच्या पायाला मोठी जखम आहे त्याने चिखलात जाऊच नये, घरातल्या दुसऱ्याने जावे. घर साफ झाले की दारे-खिडक्या उघडून ऊन येऊ द्यावे. ऊन आणि कोरडेपणा या जंतूंना मानवत नाही.

जखम, साप आणि वीज

चिखलात काच, खिळे, पत्रे दडलेले असतात. लागले तर जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी. माती, हळद, शेण, तंबाखू काहीही लावू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन यावे.

पुरात सापांची बिळे बुडतात. तेही आपल्यासारखेच कोरडी जागा शोधतात. गाद्यांची वळकटी, लाकडांचा ढीग, माळा, चपला, सगळे काठीने झटकून मगच हात घालावा. साप चावला तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी करकचून आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, माणसाला धीर द्यावा आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. सापाच्या विषावरचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते.

भिजलेल्या घरात विजेचे बटण दाबू नये. आधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी. हात ओले असतील किंवा उभे पाण्यात असाल तर स्विचला हात न लावता वायरमनला बोलवावे.

डास

पुराच्या लोंढ्यात डासांची अंडी वाहून जातात, म्हणून पहिल्या आठवड्यात डास कमी दिसतात. मग डबकी साचतात. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. दोन-तीन आठवड्यांनी हिवताप आणि डेंग्यू डोके वर काढतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. पुरानंतर पाणी मिळेल न मिळेल या भीतीने आपण पिंप, हंडे, बादल्या भरून ठेवतो, आणि त्याचे फावते. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवावीत. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. नारळाच्या करवंट्या, जुने टायर, फुटके डबे अंगणात ठेवू नयेत.

छावणीतली वस्ती

पूर आला की गावची शाळा हीच छावणी होते. आम्ही शाळेत आयुष्य काढले, म्हणून शाळेची इमारत आम्हांला चांगली ठाऊक आहे. दिवसा मुलांना पुरतील एवढेच संडास तिथे असतात. त्यात शे-दोनशे माणसे रात्रंदिवस राहिली की संडास दुसऱ्या दिवशी तुंबतात. मग लोक इमारतीमागे बसू लागतात, आणि पाऊस ती घाण पाण्यात नेतो. म्हणून छावणीत पहिल्या दिवशी दोन कामे वाटून द्यावीत. एक टोळी संडासांची. ती जास्तीचे चर खणील. चर विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर आणि विहिरीच्या उताराकडच्या अंगाला असावेत. दुसरी टोळी पाण्याची आणि हात धुण्याच्या साबणाची. बायांसाठी वेगळी, दिवा असलेली जागा हवी. नाहीतर त्या अंधाराच्या भीतीने पाणीच पीत नाहीत आणि आजारी पडतात.

छावणीत आलेल्यांना आणखी एक गोष्ट विचारावी, "तुमचे रोजचे औषध कोणते?" मधुमेह, रक्तदाब, फिट, क्षय यांच्या गोळ्या पुरात वाहून जातात. माणूस संकोचाने बोलत नाही. घर गेले तिथे गोळ्यांचे काय सांगायचे, असे त्याला वाटते. पण क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग हट्टी होतो, आणि इन्सुलिन चुकले तर जीव जाऊ शकतो. जुना कागद नसेल तरी आरोग्य केंद्रात जाऊन सांगावे.

मेलेल्या जनावरांच्या वासाने रोगराई पसरते अशी समजूत आहे. नुसत्या वासाने साथ येत नाही. तरी जनावरे पाण्याजवळ कुजू देऊ नयेत. हातमोजे घालून ती विहिरीपासून दूर, खोल पुरावीत.

आणि मनाचे काय? दावणीची जनावरे गेली, उसाचे पीक कुजले, कर्ज तसेच राहिले. असा माणूस गप्प होतो, रात्री झोपत नाही, पाऊस वाजला की दचकतो. त्याला "बायकांसारखं रडतोस काय" असे म्हणू नये. त्याच्याजवळ बसावे. त्याला कामात सोबत घ्यावे. "जगून काय करू" असे तो बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ या क्रमांकावर सरकारची मोफत मदत मिळते. तो क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

दिवसांचा हिशोब

पाणी उतरले त्या दिवसापासून मोजा.

पहिले तीन दिवस: जखमा, साप, विजेचा धक्का.
पहिला आठवडा: जुलाब, पटकी.
पाचवा दिवस ते महिनाअखेर: लेप्टो. याच काळात विषमज्वरही.
दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर: हिवताप, डेंग्यू.
महिना ते दोन महिने: कावीळ.

हा हिशोब वहीत उतरवून घ्या. पाणी कोणत्या तारखेला उतरले ती तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा आणि पुढचे साठ दिवस त्या तारखेची आठवण ठेवा. शेजारी ज्याला वाचता येत नाही, त्याला हा धडा वाचून दाखवा.

शब्दांचे अर्थ

इशारा पातळी: नदीचे पाणी या उंचीला आले की सावध व्हावे.
पटकी: कॉलरा.
विषमज्वर: टायफॉइड.
हिवताप: मलेरिया.
चिखल्या: ओल्याने बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या चिरा.
अंगावर काढणे: आजार असून उपचार न करणे.

प्रश्न

१. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे का नाही?
२. दिल्लीला पूर पावसाळ्याअखेर आला आणि कावीळ थंडीत पसरली. यावरून काय शिकावे?
३. एक विहीर ३ मीटर रुंद आहे, पाणी ४ मीटर खोल आहे. साधारण दिवसांत किती ग्रॅम पावडर लागेल?
४. साखर-मिठाचे पाणी घरी करून दाखवा.
५. ताप आल्यावर डॉक्टरांना पहिले वाक्य कोणते सांगाल? ते पाच वेळा लिहा.